आप्पांचा नारळ

माझ्या साडूंनी आजवर कुठलीही गोष्ट पहिल्या फटक्यात खरी मानलेली नाही. आमच्या दौंडच्या घरी चहा फिका लागला, तर ते आधी चूळ भरतात, दुसरा घोट घेतात आणि माझ्या बायकोला विचारतात, "ताई, चहा फिका आहे, की मघाशी जिलेबी खाल्ली म्हणून वाटतोय?" ती म्हणते, "प्या हो, गार होतोय." त्यावर ते "किती गार?" असं विचारायच्या आत मी घाईघाईनं विषय बदलतो.

वडगाव रासाईजवळच्या एका वस्तीवर ते मास्तर आहेत. दिसलं काय आणि वाटलं काय, हे वेगवेगळं सांगायची सवय त्यांनी पोरांना लावली आहे. कावळा ओरडला की पाहुणे येतात, असं एक आजी म्हणाली, तर अख्खा वर्ग आठवडाभर तिच्या दारात पाळतीवर! कावळा रोज ओरडला, पाहुणे फक्त रविवारी आले. "मंग रविवारचा कावळा खरा," आजीनं निकाल दिला. साडूंचे डोळे चमकले. "आजी, येत्या रविवारी कावळा हाकलून बघू का?"

पण एके दिवशी वर्गातल्या एका पोरीनं विचारलं, "सर, नारळाला पाणी कळतं का, ते कवा तपासायचं?" तळहातावर आडवा नारळ ठेवून रानात फिरायचं आणि तो उभा राहील तिथं बोअर घ्यायला सांगायचं, हे काम पंचक्रोशीत एकच माणूस करतो. ते म्हणजे आमचे सासरे, आप्पा. मेव्हणीनं नवऱ्याला बजावलं, "माझ्या बापाचं हसं झालं तर शाळेतच झोपायचं." साडूंचं जेवणावरचं लक्ष उडालं. टाळावं तर पोरांना शिकवलेलं सगळं खोटं. तपासावं तर पोरगी देणाऱ्याचीच फजिती. शेवटी त्यांनी सरळ आप्पांनाच विचारलं. "घ्या की परीक्षा," आप्पा हसले. "नारळ मला कुठं इचारून उभा ऱ्हातो?"

सकाळी आप्पांनी शाळेमागच्या रानात नारळ फिरवून पाण्याची जागा दाखवली. पोरांनी तिथं खिळा ठोकून वर माती लोटली. मग आप्पांच्या डोळ्यांना पट्टी; आता नारळ पुन्हा तिथंच उभा राहतो का, ते बघायचं. हात धरून फिरवायला मात्र खिळ्याची जागा ठाऊक नसलेला माणूस हवा, नाहीतर त्याचा हात नकळत इशारा करतो म्हणे. असा संपूर्ण अज्ञानी माणूस दौंडहून मागवण्यात आला होता. मी.

फिरता फिरता नारळ टच्चदिशी उभा राहिला. खिळा होता पार बांधाच्या त्या टोकाला. कुणी हसलं नाही.

"काय दिसलं रं पोरांनू?" पट्टी न सोडता आप्पांनीच विचारलं.

"नारळ दुसरीकडंच उभा ऱ्हायला," ती पोरगी म्हणाली.

"आन् वाटलं काय?"

ती घुटमळली. "तुमास्नी वाईट वाटलं, आसं वाटलं."

"एकदा बघून भागत न्हाई म्हणता ना मास्तर? फिरवा पुन्यांदा."

पुन्हा फिरवलं, पुन्हा फिरवलं. नारळ उभा राहत होता, खिळा सोडून सगळीकडे.

आता कुणी पाणी बघायला बोलावलं, तर आप्पा म्हणतात, "आधी पट्टी बांधा." त्यामुळे फारसं कुणी बोलावत नाही. परवा मी गेलो, तेव्हा शाळा सुटली होती. आप्पा एकटेच त्या रानात डोळे मिटून, तळहातावर नारळ घेऊन हळूहळू चालत होते. साडू बांधावर उभे होते.

"राहिला का उभा?" मी हळूच विचारलं.

"काय की," ते म्हणाले. "मी बघत नव्हतो."