सतरा नंबरचं प्रवाळ आणि परतीची तीन तिकिटं

आक्कानं मला जायची दोन आणि परतीची तीन तिकिटं काढायला लावली, तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. ही बाई अंदमान बघायला निघालेली नाही, लेकीला आणायला निघालीय. माझी भाची मनीषा तीन वर्षं हॅवलॉक बेटावर प्रवाळांना नंबर देऊन त्यांचा अभ्यास करते. एप्रिलअखेर तिचा फोन आला होता, "मामा, समुद्र तापलाय. प्रवाळं पांढरी पडलीत. माझं सतरा नंबरचंसुद्धा. ते गेलं तर मी हे काम सोडते." आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सांगोल्याजवळ डाळिंबाची बाग एकटीनं सांभाळते. ती म्हणाली, "सोडू दे की. लई झालं समुद्र-समुद्र."

सोलापूरहून रेल्वेनं चेन्नई, तिथून विमानानं पोर्ट ब्लेअर, पुढं सरकारी बोट. बोट स्वस्त आहे, पण जागा आधी धरा, नाहीतर बसाल जेटीवर हातावर हात ठेवून. कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरपूर न्या. आक्का मासे खात नाही, त्यामुळे बेटावर डाळभात आणि चटणी यावरच तिचं भागलं. चटणी चाखून खाणावळवाल्या बंगाली काकू डोळे पुसत हसल्या आणि पुन्हा वाटी पुढं केली!

मनीषा जेटीवर आली, पण चेहरा उतरलेला. संध्याकाळी तिनं समजावून सांगितलं. प्रवाळ हा जीव आहे. त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, तेच त्याला रंग देतं आणि खाऊही घालतं. पाणी फार तापलं की प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकतं, मग पांढरं पडतं आणि उपाशी राहतं.

"म्हंजे मेलं?" आक्कानं विचारलं.

"अजून नाही. पण किती दिवस तग धरेल सांगता येत नाही."

"नखानं खरवडून बघितलंस का?"

मनीषा दचकली. "आई, त्याला हात लावायचा नसतो!"

मला मात्र आक्काचा प्रश्न बरोबर कळला. बहार धरताना आम्ही डाळिंबाचं पाणी मुद्दाम तोडतो, बागेला ताण देतो. पानं गळून बागेचा खराटा होतो, नवखा माणूस म्हणेल, गेली बाग. आक्का नखानं फांदीची साल खरवडते, आत हिरवं दिसलं की निर्धास्त. मनीषानं मग मोबाइलवर सतरा नंबरचा जवळून काढलेला फोटो दाखवला. पांढऱ्याफटक अंगावर बारीक-बारीक तोंडं उघडी होती, म्हणजे आत अजून जीव होता. आक्कानं फोटो बोटांनी मोठा करून एकेक तोंड बघितलं.

दुसऱ्या दिवशी पाठीला हवेची टाकी बांधून मी प्रशिक्षकाबरोबर पाण्यात उतरलो. डॉक्टरी फॉर्म भरावा लागतो, पोहता आलं नाही तरी चालतं. मला तर आक्कानंच विहिरीत ढकलून पोहायला शिकवलंय, मला कसली भीती! ती वर नळी तोंडात धरून तरंगत होती. खाली उताराच्या कडेला सतरा नंबर दिसलं, पाटाएवढं, पांढरं. पाणी अंघोळीच्या पाण्यासारखं ऊन. तेवढ्यात पायांना गार लागलं. समोरचं पाणी थरथरल्यासारखं दिसलं आणि तो गारवा उतारावरून वर चढत छातीपर्यंत आला. मी हरखून गेलो.

वर बोटीत येऊन मायलेकींना सांगितलं तशी आक्का म्हणाली, "हिरीच्या तळाचं पाणी, दत्ता!"

"तेच," मनीषा म्हणाली. "खोल समुद्रातलं गार पाणी लाटेसारखं वर येतं. ते येतं तिथली प्रवाळं जास्त टिकतात. पण सगळीकडं येत नाही, आणि वेळेवर येईल याची खात्री नाही."

"एकदम गार आलं तर झटका बसत न्हाई व्हय? आमी ताणावरच्या बागेला पयलं पाणी हलकंच देतो."

मनीषा आईकडं बघतच राहिली. "बसतो कधीकधी. तेच मोजायचंय मला."

"मग मोज की! ताणावरची बाग सोडून कोन घरी येतं व्हय?"

झालं! तिसरं तिकीट मी त्याच दुपारी रद्द केलं. विमानाआधी एक दिवस खोल पाण्यात उतरायचं नसतं, म्हणून शेवटचा दिवस आम्ही किनाऱ्यावर काढला. मायलेकी तासन्‌तास बोलत बसल्या होत्या.

तुम्ही जाणार असाल तर जा, पण प्रवाळावर पाय देऊ नका. मी तिथून एकही शिंपला आणला नाही, पायांना लागलेला तो गारवा मात्र अजून आठवतो.

दोन महिन्यांनी मी आक्काच्या बागेत असताना मनीषाचा फोटो आला. सतरा नंबरची वरची बाजू मेली होती. खोल पाण्याकडच्या बाजूत शेवाळ परतलं होतं, ती पुन्हा पहिल्यासारखी तपकिरी झाली होती. खाली लिहिलं होतं, "अर्धंच वाचलं, आई."

आक्कानं चष्मा पुसून परत बघितलं. "अर्धं जगलं न्हवं? तितनंच फुटंल."

मग घराकडं बघत म्हणाली, "दत्ता, मनीच्या खोलीत आता क्रेट ठेवू का रे डाळिंबाचे?"