न्हाणीचा पाइप

शहापुरातल्या आमच्या घरात जिथं न्हाणी होती, तिथं एक दिवस पॉवरलूम आला. पोट आणि आंघोळ यांत कुणी हलायचं हे ठरवायला बैठक लागली नाही. न्हाणी गेली पुढच्या अंगणाच्या कोपऱ्यात. पाणी तापवायची चूल आणि तिच्यावरचा मोठा हंडा मात्र परसातल्या उंच ओट्यावरच राहिला. मधे अख्खी मागाची खोली. म्हणजे रोज सकाळी कढत पाण्याची बादली घेऊन, खटाखट चालणाऱ्या मागाच्या कडेकडेनं कुणीतरी पुढं जायचं. हे कुणीतरी म्हणजे आई. कॉलेजला जायच्या आधी दोन बादल्या मी न्यायची. बाकी पुरुषांच्या आंघोळी तिच्या उजव्या मनगटावर चालायच्या.

पुढं ते मनगट सुजलं. कॅम्पातल्या डॉक्टरांनी सांगितलं, वजन उचलणं बंद करा, नाहीतर हात कामातून जाईल. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते मनावर घेतलं. बादली आपण उचलावी हे त्यांना सुचलं नाही. हंड्यापासून न्हाणीपर्यंत पाइप टाकायचा, असं त्यांनी जाहीर केलं. पाइप कशाचा, एवढाच प्रश्न उरला. आणि आमचा मुलूख असा, की इथं प्रश्न सुटण्यापेक्षा चालू राहण्यात लोकांना जास्त गोडी.

बैठकीला आप्पा, त्यांचे थोरले भाऊ म्हणजे आमचे अण्णा, आणि खानापूरहून आलेले मामा. सल्ल्याला अनगोळचा एक नळवाला. तो कन्नड बोलायचा आणि कुणी काहीही म्हटलं की "आगतैती", म्हणजे होतंय, एवढंच म्हणायचा. लोखंडाचा पाइप? आगतैती. प्लास्टिकचा? आगतैती. मामा लाकडाच्या डेपोत कामाला. त्यांनी बांबूचाही विषय काढून बघितला. तोही आगतैती. असा सल्लागार मिळाल्यावर निर्णय काय डोंबलाचा होणार! चहा आई आणत होती, डाव्या हातानं.

खरं तर लोखंडी पाइप सगळ्यांत सरळ होता. तो अडला वारावर. माग बंद शनिवारी, बाजार शनिवारी, आणि शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही हा अण्णांचा नेम. इतर दिवशी माग सोडून जायला कुणाला सवड नव्हती.

"अण्णा, माग बी लोखंडाचाच हाय की," मी म्हटलं.

"त्यो शुक्रवारी आलता," अण्णा म्हणाले.

शास्त्र पक्कं होतं. शनिवारामागून शनिवार गेले आणि आई बादल्या नेत राहिली.

शेवटी मामांनीच खानापूरच्या बसच्या टपावरून प्लास्टिकचा पाइप आणला. तो तेव्हा आमच्याकडं नवा होता. "गंजत न्हाय, कुजत न्हाय, वजनाला लई हलका," असं ते सगळ्या गल्लीला सांगत आले. नळवाल्यानं तो मागाच्या खोलीतून खिळ्यांवर टांगला. कढत पाणी सोडलं तसा पाइप मऊ पडत गेला आणि दोन खिळ्यांच्या मधे झोळीसारखा लोंबला. सांधा निसटला आणि पाणी पडलं ते थेट मागावर चढवलेल्या नव्या ताण्याच्या सुतावर. त्या दिवशी घरात कुणी नीट जेवलं नाही. मनगट सुजलं तेव्हा घर एवढं हळहळलं नव्हतं.

राहिलं तांबं. "व्यापारी साड्या बघाय येत्यात, मागाच्या खोलीतच बसत्यात. भिंतीवर तांबं बरं दिसतंय," आप्पा म्हणाले. अण्णांना तांबं पवित्र. मामांना तर प्लास्टिकचा विषय मिटला की काहीही चालणार होतं. नळवाल्याचं उत्तर ठरलेलं होतं. पाइप बसला, आणि न्हाणीत पहिल्यांदा वाफाळतं पाणी आलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला. आईनं धारेखाली बादली लावली आणि ती भरेपर्यंत नुसती बघत उभी राहिली.

पण तांबंच ते. महिन्याभरात काळवंडलं, सांध्यांवर हिरवट डाग चढले. "काळं तांबं घरात शोभत न्हाय," अण्णा म्हणाले. देवाची भांडी, घागर, हंडा हे सगळं चिंच-मीठ लावून घासायची आमच्याकडं रीतच होती. त्यात आता परसापासून न्हाणीपर्यंतच्या पाइपाची भर पडली. व्यापारी यायचे असले की आई आदल्या दिवशी स्टुलावर चढून पाइप घासायला लागायची. मी चिंच हिसकावून घेतली की अण्णा म्हणायचे, "पोरीला अभ्यास करू दे की." माझ्या अभ्यासाची काळजी त्यांना तेवढ्याच वेळी वाटायची, आणि मला त्याचा भयंकर राग यायचा. डॉक्टरांनी विचारलं, वजन उचलणं बंद केलं ना? आई "व्हय" म्हणाली. त्यात खोटं काहीच नव्हतं. सूज मात्र कोपराकडं सरकली होती.

मग एक दिवस पुरुषमंडळी निपाणीला लग्नाला गेली. आईनं खिडकीच्या गजांचा उरलेला हिरवा तेलरंग काढला, डाव्या हातात ब्रश धरला आणि मागाच्या खोलीतला सगळा पाइप रंगवून काढला. मी स्टूल सरकवत होते. संध्याकाळी मंडळी परतली आणि दारातच थबकली.

"ह्ये काय केलंस गं?" आप्पांनी विचारलं.

"माझं मनगट दुखतंय," आई म्हणाली.

एवढ्या बैठका झाल्या, पण हे तिच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकत होते.