पुटपुट्याच्या कविता आणि इस्त्रीवाल्या मावशी

हॉस्पिटलच्या धुलाईघरात त्याला सगळे पुटपुट्या म्हणायचे. चादरींच्या घड्या घालताना त्याचे ओठ सतत हलत असत. परमुलखातून आलेला माणूस, इथली भाषा तोडकीमोडकी. लोकांना वाटे, जप करतो बिचारा. तो कविता करत होता. तिकडे त्याची दोन पुस्तकं निघाली होती. इथे ती वाचू शकेल अशी एकटी बायको, आणि तीही म्हणायची, "आधी जेवून घ्या, मग ऐकते."

एकदा जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीवाल्या मावशींनी त्याला सरळच विचारलं, "काय रे, कुणाला शिव्या घालतोस दिवसभर?"

त्यानं अडखळत सांगितलं, "कविता. मी निघालो, आई दार बंद केला नाही. थंडी आत आला."

"आला नाही रे, आली," मावशी म्हणाल्या. मग घास हातातच धरून थांबल्या. "घरभर थंडी शिरली, तरी आईनं दार लोटलं नाही. असं म्हण."

त्यानं ते तिथल्या तिथे कागदावर उतरवलं.

मग रोजचाच परिपाठ झाला. मावशींची शाळा चौथीत सुटलेली, पण कान भलता तिखट. "हे पुस्तकी झालं, असं कुणी बोलत नाही," म्हणून त्या ओळ परत करायच्या. एका शब्दापायी तीन आठवडे गेले. त्याची बायको डब्यात मावशींचाही वाटा घालू लागली. चार वर्षांत एकतीस कविता झाल्या. एका नर्सबाईंच्या भावाचा छापखाना होता, त्यानं पुस्तक काढायचं ठरवलं आणि विचारलं, "भाषांतर कुणाचं?" यानं मावशींचं नाव सांगितलं.

मावशी उखडल्या. "माझं नाव कशाला? मी नुसत्या चुका काढल्या."

"मावशी, तुम्ही पहिल्यांदा विचारलंत तेव्हा इथे येऊन मला सात वर्षं झाली होती. सगळे नुसती मान डोलवायचे. माझं नीट ऐकून चुका काढणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

मावशींनी नाक ओढलं आणि इस्त्री फार तापली म्हणून कुरकुरल्या. नाव मात्र राहिलं.

आता मावशी घरीच असतात, डोळ्यांना कमी दिसतं. दर रविवारी सकाळी नवरा-बायको त्यांच्याकडे जातात. तो वाचतो, बायको भाजी निवडते, आणि मावशी मध्येच हात वर करून त्याला थांबवतात.