दिनूभावजींची रानपिशवी आणि माझ्या सबबी

पौषातली सकाळ. तव्यावर तांदळाची भाकरी टाकलेली, आणि पोलादपूरहून फोन आला. एस.टी. स्टँडवरच्या चहावाल्यानं केला होता. दिनूभावजी बाकावर बसल्या बसल्याच गेले. वर उमरठच्या बाजूला जाणाऱ्या गाडीची वाट बघत होते. गाडी लागली, कंडक्टरनं हाक मारली, हे उठेनात... लोकांना वाटलं, डोळा लागला असेल. आमचे हे फोन कानाला धरून नुसते "हो, हो" म्हणत होते. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "आणि पिशवी?" घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू! सख्खा दीर गेला आणि ही बाई पिशवी विचारते. दीड महिना झाला त्याला. त्या प्रश्नाची मला लाज वाटते, आणि खरं सांगायचं तर रागही येतो. माझा, आणि त्यांचाही. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावलेली आहे, आणि का ते सांगितल्याशिवाय भावजींबद्दल चार चांगले शब्द माझ्या हातून उतरायचे नाहीत.

भावजी म्हणजे ह्यांचे पाठचे भाऊ. लग्न केलं नाही, राहायला आमच्यातच. महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात पाळीवर जायचे, आणि सुट्टी आली की पहिल्या गाडीनं पोलादपूर गाठून पुढं डोंगरात. तिथं वरच्या वाडीवर हौसाबाई राहते. म्हशी, दोन वाफे नाचणी, एवढा तिचा संसार. रानात कसं राहायचं ते भावजी हिच्याकडून शिकले. पंच्याण्णव सालाच्या सुमाराला तिकडे मुंबईची मंडळी पाठीवर भल्यामोठ्या बॅगा घेऊन यायला लागली. त्यांचं परदेशी सामान बघून भावजी घरी आले ते तणतणतच. "वहिनी, रानात जायला एवढं लागतं म्हटल्यावर आपल्याकडचा माणूस घरातच बसणार! अहो, ह्यांच्या एका बुटाच्या किमतीत आपला माणूस सगळ्या सामानासकट जाऊन येईल." त्या दिवसापासून त्यांनी मनावर घेतलं. रानाचा गंध नसलेल्या माणसाला एक दिवस नि एक रात्र डोंगरात सुखानं काढता यावी, त्याचं सगळं सामान एका पिशवीत बसावं, ते महाडच्या बाजारात मिळावं आणि गरिबाला परवडावं. आता नवशिका माणूस कोण? तर मी. "तुम्हाला जमलं ना वहिनी, की कुणालाही जमेल." मला काही राग नाही आला. उलट हरखून गेले. मी चौथीत शाळा सुटलेली बाई, वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत पुढचं शिकले. मला कुणी नवीन काही शिकवायला निघालंय, तेही माझ्या मापानं... मी लगेच म्हटलं, "कधी निघायचं?"

पहिली पिशवी त्यांनी कारखान्याच्या जुन्या खाकी पँटीची शिवली. पँटीचे खिसे तसेच ठेवले, बाहेरून. आत दुधाच्या पावडरीचा डबा, त्याला तारेची कडी, म्हणजे झालं पातेलं. फोटोवाल्याकडून रोलच्या रिकाम्या डब्या मागून आणल्या होत्या. एकीत काड्या, एकीत मीठ. मेणकापड, सुताची दोरी, लोहाराकडून घडवून घेतलेली कोयती. सगळं मांडून मला एकेक हातात घ्यायला लावलं. मी पिशवी खांद्याला लावली नि म्हटलं, "जड आहे हो." झालं! भावजींनी रविवार मोडला आणि निम्मं सामान बाहेर काढलं. पुढच्या वेळी मी म्हटलं, कोयती माझ्या मुठीत मावत नाही. लोहाराकडे जाऊन लहान मूठ बसवून आणली. मग म्हटलं, ती पिशवीत आडवी होते, पाठीला टोचते. तर हौसाबाईकडून आकडी आणली. आकडी म्हणजे कमरेला मागून बांधायचा लाकडी आकडा, त्यात कोयती अडकवली की दोन्ही हात मोकळे. सुताची दोरी भिजली की गाठ सुटत नाही, म्हणून घायपाताची आली. घोंगडी अंगाला चावते म्हटलं, तर तिला आतून माझ्याच जुन्या लुगड्याचं अस्तर लावलं, स्वतः, मशीनवर बसून!

मधल्या काळात मी आणखी एक घोळ घालायचे. आमच्या घरात चांगली वस्तू पडून राहिलेली कुणाला बघवत नाही. मेणकापड कोरं करकरीत, आणि लाकडं पावसात भिजतायत? घातलं लाकडांवर. दोरी पापडांचं कापड ताणून बांधायला. एकदा फणस आला आणि घरातली विळी बोथट, तर मी कोयती काढली. तिच्या पात्याला हा एवढा चीक! भावजी पाळीवरून आले, कोयती बघितली. खोबरेल घेऊन बसले आणि तासभर पातं पुसलं. मग एवढंच म्हणाले, "वहिनी, रानात फणस सोलायला गेलात तरी मला चालेल. पण चला." आमच्या ह्यांनी पेपरातून मान वर न काढता विचारलं, "जाऊन करायचं काय तिथं? चूल पेटवायची? घरी गॅस आहे की." आणि मी हसले. ह्यांच्या बाजूनं हसले.

अशी आठ-नऊ वर्षं गेली! कधी लेकीचं बाळंतपण, कधी गुडघे, मार्चात चवदार तळ्यावर लांबून माणसं येतात तेव्हा घरी पाहुणे. ही सांगायची कारणं. आणि घरी काही नसलं की मग पिशवीत खोट काढायची. मी खोट काढायची, भावजी पिशवी सुधारायचे. इतकी सुधारली, इतकी सुधारली की कारखान्यातल्या माणसांनी तिच्यावरून आपापल्या शिवून घेतल्या. पोटं सुटलेले, डोंगराकडे कधी मान वर करून न बघितलेले, ते बायकांना घेऊन उमरठच्या वर जाऊन राहून आले. परत येऊन मलाच सांगायचे, "काय पिशवी आहे हो वहिनी, काही म्हणता काही अडत नाही!" मी त्यांना चहा द्यायची. माझ्या मुठीची कोयती, माझ्या खांद्याचा पट्टा, आणि रानात जाऊन आलं सगळं महाड, मी सोडून.

आता खरं कारण लिहिते. मला भीती वाटायची. वाघराची नव्हे, सापाची नव्हे. जमणार नाही ह्याची. मी जे काही शिकले ते एकटीनं, दार लावून, चुकलं तर कुणी बघायला नाही अशा ठिकाणी. रानात भावजी समोर असणार, हौसाबाई असणार, आणि माझ्या हातून साधा जाळ पेटायचा नाही... हे मी भावजींना एकदाही बोलले नाही. आणि माझी तडफड हीच की ह्या शहाण्या माणसानं तरी एकदा विचारायचं होतं! वाऱ्याचा वास घेऊन पाऊस सांगणाऱ्या माणसाला घरातल्या बाईची भीती ओळखता येऊ नये? शिवत बसले पिशवी. अहो, एकदा ओरडायचं होतं माझ्यावर, हाताला धरून गाडीत बसवायचं होतं.

पिशवी त्या दिवशी त्यांच्या मांडीवरच होती. घरी आली तशीच मी उघडली. माझं माप घेऊन केलेलीच ती. दिवस-कार्य झालं, आणि गेल्या आठवड्यात मी कुणाला न विचारता ती खांद्याला लावून पहिल्या गाडीत बसले. वाडीवर पोचायला ऊन डोक्यावर आलं. चार ठिकाणी बसले, गुडघे बोलत होते. हौसाबाई म्हशीला पाणी दाखवत होती. माझ्या खांद्यावरची पिशवी बघून तिनं डोळे पुसले नि म्हणाली, "आलीस गो वयनी! लय उशीर केलास." मग तीच म्हणाली, "भावजी बोललं व्हतं माला. वयनीच्या सबबी आता सरत आल्यात, एक-दोनच ऱ्हायल्यात, मंग येल."

म्हणजे कळत होतं त्यांना! सगळं कळत होतं. मी तिथंच दगडावर बसले. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. कळत होतं तर नऊ वर्षं शिवणकाम कसलं केलंत हो? हौसाबाई म्हणाली, "बोलून दावलं असतं तर तू आली असतीस?"

मग मी जाळ करायला बसले. तीन दगड मांडले. भावजी मागच्या दारी दाखवायचे तसं वाळकी काठी घेऊन तिच्या टोकाला कुरळ्या ढलप्या काढायच्या, काठीपासून न तोडता. माझ्या सगळ्या तुटून पडत होत्या. एक काडी विझली, दुसरी विझली. धुरानं डोळे लाल. हौसाबाई हाताच्या अंतरावर बसून नुसती बघत होती. "अगो, जरा हात लाव की!" मी कावून म्हटलं. "नाय लावायची. भावजीनं बजावलंय, वयनी आली तर मधी पडायचं नाय." किती वेळ गेला कोण जाणे. एकदा पेटलं, डबा वर ठेवला, पाणी जेमतेम कोमट झालं आणि पुन्हा विझलं. त्याच कोमट पाण्यात मी चहाची पूड टाकली, गूळ टाकला. दोघींनी प्यायलं. हौसाबाईनं तोंड वाकडं केलं. "शी गो! म्हस पन पियाची नाय."

आता रोज दुपारी मागच्या दारी मी ढलप्या काढत बसते. भावजी बसायचे तशी, एक गुडघा मोडून. आमचे हे केरसुणी घेऊन येतात, पुटपुटतात, आणि झाडतात. परवाच्या गुरुवारी परत जायचंय, ह्या वेळी रात्र काढायला.

त्या दिवशी निघताना हौसाबाई उतारापर्यंत पोचवायला आली. माझं तोंड उतरलेलं बघून तिला राहवलं नाही. म्हणाली, "मनाला लावून घेव नको वयनी. लाकडंच वल्ली व्हती."

"नाही गो," मी म्हटलं, "लाकडं वाळकी होती. मलाच जमलं नाही."