चौथ्या स्टेजचा पक्षी

मला दम म्हणून नाही. रिक्षा सिग्नलला जरा जास्त थांबली, तर मी उतरून चालायला लागतो. अशा माणसाच्या वाट्याला आबांच्या डाव्या हाताची बोटं आली.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन चार महिने झाले होते. पाय सावरला, बोलणं सावरलं, डावा हात तेवढा रुसून बसला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी दाबायला दिलेला स्पंजचा चेंडू आबांनी पहिल्याच आठवड्यात खिडकीतून रस्त्यावर भिरकावला. "मी काय बारकं प्वार हाय?" बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, हे दिवस असेच गेले तर बोटं कायमची अशीच राहतील. 

म्हणून मी टीव्हीला लावायची जुन्या गेम्सची डबी आणली. त्यात माझ्या लहानपणचा गेम होता. उड्या मारत, गोळ्या झाडत पुढे जायचं आणि प्रत्येक स्टेजच्या शेवटी एक बॉस, म्हणजे दांडगा शत्रू, पाडायचा. त्यातला माणूस रिमोटवर डाव्या अंगठ्यानं चालवावा लागतो, हे महत्त्वाचं. आबा नाक मुरडून बसले खरे, पण जेवायला हाका मारल्या तरी उठेनात.

पहिले तीन बॉस त्यांनी पंधरवड्यात लोळवले. चौथा लोखंडी पक्षी. तो दोन्ही बाजूंनी झेपावतो, श्वास घ्यायला उसंत देत नाही. लहानपणी मीसुद्धा कधी त्याच्या पुढे गेलो नव्हतो. आबा शाहूवाडीकडच्या आमच्या गावात जत्रेच्या कुस्त्यांचे पंच होते. कोण कुणाशी लढणार, ती जोड तेच लावायचे. गेममध्ये पक्ष्याकडून दहा-बारा वेळा मेल्यावर ते उखडले. "ह्यो गेम केलाय त्येला जोड लावायची अक्कल न्हाय. तिसरा निस्ता भुसकट आन् त्येच्या म्होरं लगीच ह्यो रेडा!"

मी शेजारी बसून तळमळायचो. आता उडी, आता! त्यांचा अंगठा दर वेळी किंचित उशिरा पोचायचा. आठवडाभर तेच. वैतागून हा रिमोटही रस्त्यावर जाणार, या धास्तीनं मला चहासुद्धा गोड लागेना.

एका दुपारी ते गेम थांबवून आडवे झाले. मी रिमोट उचलला, मोबाईलवर युक्ती शोधली, पक्षी पाडला आणि पुढची वाट पार करून शेवटच्या राक्षसाच्या दारात गेम थांबवून ठेवला.

आबा उठून पडद्याकडे बघत राहिले. "चौथा कवा पडला?"

"तुमीच पाडलासा की, झोपायच्या आदी."

इतक्या सहज खोटं बोलता येतं, हे मला माहीत नव्हतं.

"व्हय?" एवढंच म्हणून ते खेळायला बसले. शेवटचा राक्षस जागचा हलतसुद्धा नव्हता. कोपऱ्यात उभं राहून मारत सुटायचं, की झालं. आबांनी त्याला दुसऱ्याच डावात पाडलं. पडद्यावर फटाके उडाले, मी टाळ्या वाजवल्या. आबांनी रिमोट खाली ठेवला.

"मला आटवतच न्हाय रं. हाताबरबर डोस्कंबी गेलं म्हणायचं माजं."

आबांना घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला माझीच शिसारी आली. "आबा, चौथा मी पाडला," मी म्हणालो. "तुमी जिकावं म्हणून."

शिव्या पडतील म्हणून मी मान खाली घातली. पण आबांनी वेगळंच विचारलं.

"तू धा वर्साचा असताना जत्रंत कुस्ती मारलीतीस. आटवतंय?"

न आठवायला काय झालं? माझी ती आयुष्यातली एकुलती एक कुस्ती. लोकांनी मला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं. माझ्या मुलांना ती पाठ आहे.

"ती जोड मीच लावलीती. त्या पोराला दोन दिस ताप हुता. मला ठावं हुतं."

त्या पोराची मान माझ्या हाताखाली तापलेली लागली होती. इतक्या वर्षांनी ते मला लख्ख आठवलं. तेव्हा मला वाटलं होतं, माझ्याच जोरानं तापलीय.

"तू जिकावं म्हणून," आबा म्हणाले. "त्येच्या मागनं तू आखाड्यात पाय ठेवला न्हाईस. जिकलास, झालं तुजं. त्ये मला लई लागलं."

मग त्यांनी गेमच्या डबीचं बटण बंद करून परत चालू केलं. सगळं पुसलं गेलं, पुन्हा पहिली स्टेज. डावा अंगठा उशिरा पोचला, माणूस पहिल्याच खड्ड्यात पडला. माझा हात आपोआप रिमोटकडे गेला.

"हात मागं घे," आबा म्हणाले. "निस्तं बघ."

मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि बसून राहिलो.