काळीचं कार्ड

दापोड्याजवळच्या कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये मी भात शिजवते. तिथले क्लार्क प्रत्येक पिंजऱ्याचं कार्ड लिहितात आणि लावण्याआधी मला वाचून दाखवतात. "ताई, तुम्हाला कळलं की सगळ्यांना कळलं," म्हणतात. लिहिताना त्यांचा पाय सारखा हलत असतो. 'चावतो' हा शब्द ते कधी लिहीत नाहीत. चावणाऱ्याला 'लाजाळू' म्हणतात, अंगावर येणाऱ्याला 'खेळकर'.

काळीला दोन घरांनी परत आणून सोडलं होतं. तरी कार्डावर 'लाजाळू'च होतं. रविवारी कोन गावाहून एक जोडपं छोट्या मुलीला घेऊन आलं आणि त्यांना काळीच आवडली. मुलगी जाळीतून बोट घालत होती. माझ्या मनगटावर काळीचे दात उमटले होते, ते पदराखाली झाकून मी उभी होते.

फॉर्म भरता भरता क्लार्क थांबले.

"ताई, हात दाखवा यांना."

मी दाखवला. जोडपं निघून गेलं.

त्यांनी कार्ड फाडलं. "आता तुम्हीच सांगा, काय लिहू?"

"झोपेत हात लावला तर चावते. जागी असली की मांडीवर डोकं ठेवते."

त्यांनी तसंच लिहिलं. आठवडा झाला, काळी इथंच आहे. फाटक वाजलं की ते कार्डाकडे बघतात, आणि मी त्यांच्याकडे.