हायफनची ओळ

शेंद्र्याच्या कारखान्यात आम्ही ज्यांना काका म्हणायचो, ते आधी पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. उजव्या हाताची दोन बोटं मशीननं नेली, तेव्हा साहेबांनी त्यांना आमच्या कॉम्प्युटर विभागात बसवलं. माणूस करमाडचा, माझ्या बापाच्या वयाचा. माउस धरता येत नसे, म्हणून ते सगळं काम नुसत्या कीबोर्डवर चालणाऱ्या एडिटरवर, म्हणजे मजकूर टाइप करायच्या प्रोग्रॅमवर शिकले.

आमचे पार्ट नंबर लांबलचक, मध्ये दोन-तीन हायफन. अख्खा शब्द पुसायची कळ दाबली तरी एडिटर हायफनपाशी शब्द संपला असं धरायचा, त्यामुळं नंबर तुकड्यातुकड्यानं पुसावा लागे. काकांनी सेटिंगच्या फाइलीत एक ओळ लिहून हायफनलाही शब्दातच घेतलं. मग कळ एकदा दाबली की अख्खा नंबर जायचा. नजर कागदावर ठेवून ते भराभर नंबर बदलायचे. साहेब मला म्हणाले, आठ बोटांच्या माणसाकडून शिका. ते मला लई लागलं.

एकदा मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं काम बघायला येणार होती. काका जेवायला गेले होते. मी त्यांच्या फाइलीतली ती ओळ पुसली आणि बदल लागू व्हावा म्हणून एडिटर बंद करून पुन्हा उघडून ठेवला.

पाहुण्यांसमोर काकांनी सवयीनं दहा-बारा नंबर बदलले आणि मान वर केली. प्रत्येक नव्या नंबरामागं जुन्याचं शेपूट तसंच राहिलं होतं. त्यांनी परत करून पाहिलं, परत तेच. पाहुण्यांतला एक जण हसला. साहेब काकांच्या हाताकडं बघत म्हणाले, झेपत नव्हतं तर सांगायचं.

संध्याकाळी बसमध्ये काका माझ्याशेजारी येऊन बसले. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"बाळा, तू तर बघत व्हतास. माझंच चुकलं का?"

"व्हय काका," मी म्हणालो. "बोट घसरत होतं तुमचं."

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं होतं ते फाइल उघडून बघतील. नाही बघितली. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला त्यांनी.

आठवड्यात त्यांना गेटवर पाठवलं, आल्यागेल्या ट्रकांची नोंद करायला. त्यांची खुर्ची मला मिळाली. पहिल्याच दिवशी मी ती ओळ माझ्या फाइलीत लिहिली. महिन्याभरानं साहेबांनी माझ्या वेगाचं कौतुक केलं, आणि खरं सांगतो, मला छान वाटलं.